तीन हिसके

आमच्या नदीत एक मासा होता. तो कूस बदलायचा तेव्हा दोन्ही काठांवरच्या लोकांचे पाय ओले व्हायचे. हे मी शपथेवर सांगेन, आणि माझ्या शपथेची किंमत काय ते आमच्या पाणीपुरवठा खात्यात कुणालाही विचारा. तिथे मी पगारपत्रकावर पंपचालक होतो आणि तोंडावर थापाड्या. पण ही गोष्ट माशाची नाही. ती मामाच्या उजव्या हाताची आहे, आणि तिच्यात थाप नाही. एक मारायला निघालो होतो, ती मामानेच माझ्या तोंडात परत कोंबली. ते येईल पुढे.

नदीच्या पात्रात, काठापासून जरा आत, एक गोल उंच विहीर बांधलेली असते. तिला आम्ही जॅकवेल म्हणतो. बाहेरून तळाशी लोखंडी जाळी, जाळीतून पाणी आत, वर आमचे पंप, आणि पंपांच्या जिवावर अख्खं शहर दात घासतं. पुरानंतर त्या जाळीला काय अडकत नाही? फांद्या, चपला, एकदा तर गादी, उशीसकट. बरं, उशी नव्हती, पण शोभते. तर असं काही अडकलं की पंप बंद करायचे आणि पाणबुड्याला खाली सोडायचं. चाळीस फूट. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा तळहात नाकाला लावला तरी दिसू नये. तोंडावर मुखवटा, मुखवट्याला हवेची नळी, कमरेला दोरी. नळीचं वरचं टोक कॉम्प्रेसरला, आणि पंप बंद असल्यामुळे कॉम्प्रेसरपाशी मी. दोरीचं वरचं टोक मामाच्या हातात.

मामा आमचा दोरवाला. आम्ही दोघं एका वयाचे, पण खात्यात सगळेच त्याला मामा म्हणत, म्हणून मीही.

खाली आवाज पोचत नाही, तेव्हा दोरीच बोलते. वरून एक हिसका, म्हणजे बरा आहेस ना? खालून एक, म्हणजे बरा आहे. दोन आले की दोरी सैल सोडायची. तीन आले की ओढायचं. विचारायचं नाही, साहेबांची परवानगी घ्यायची नाही, फक्त ओढायचं. मध्ये एकदा टेलिफोनचा संच आला होता, पण तो पहिल्याच बुडीत बिघडला आणि तेव्हापासून साहेबांच्या कपाटात कुलपात आहे, कुणी चोरून नेऊ नये म्हणून. दोरवाल्याचे नियमही ठरलेले. हातमोजा घालायचा नाही. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. आणि खालच्या माणसाचं डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत दोरी एका हातातून दुसऱ्याच्या हातात जाणार नाही. एकदा काम चालू असताना मामाच्या मानेवर गांधीलमाशी डसली. मामाने तिच्याकडे असं पाहिलं, की सूज तिलाच आली.

आठ वर्षांपूर्वी त्या दोरीच्या खालच्या टोकाला बदक होता. जमिनीवर फेंगडा चालायचा म्हणून बदक. मामाचा जिवलग, दोघांचं भांडणसुद्धा एकमेकांशिवाय व्हायचं नाही. त्या दिवशी जाळीला टेकलेला ओंडका सरकला आणि बदकाच्या पायांवर बसला. तीन हिसके आले. मामाने ओढलं, दोरी हलेना. आम्ही चौघांनी ओढलं. पुन्हा तीन. पुन्हा तीन. ओंडक्याखाली हवेची नळीही चेपली होती, पण पुरती नाही. थोडी थोडी हवा जात राहिली, तेच वाईट झालं. अकरा मिनिटं हिसके येत होते. मग मंद झाले, मग थांबले.

खात्याने मामाला दोन दिवसांची रजा दिली आणि प्रसंगावधानाबद्दल एक प्रमाणपत्र. हाताबद्दल कुणी विचारलं नाही.

हात तिथेच राहिला होता. चहाचा कप धरला की तीन हिसके. घरी एकदा जेवायला बसलेला असताना याने टेबलावरचं कापड दोन्ही मुठींत धरून ओढलं. ताटं, वाट्या, पाण्याचा जग, सगळं मांडीवर. बसमध्ये घंटीची दोरी हाताला लागली, ती अशी ओढली की बस पुलाच्या मधोमध थांबली आणि कंडक्टरने याच्या सात पिढ्यांना तिकिटाशिवाय खाली उतरवलं. आम्ही पोट धरधरून हसलो. मामाही हसला. तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, तो मी पाहिला आणि पुढचा विनोद केला.

कामावरही दोनदा झालं. खालून काही आलं नसताना मामाने माणूस वर खेचून काढला. पहिल्या खेपेचा पाणबुड्या तडक राजीनामा देऊन घरी गेला. त्याच्या जागी जो आला तो मामाचाच जावई, एकुलत्या एका लेकीचा नवरा. दुसऱ्या खेपेला तोच दोरीवर होता. इतक्या झटक्यात वर आला की नाकातून रक्त. साहेबांनी मामाला बोलावून सांगितलं, "तिसऱ्यांदा झालं तर दोरी काढून घेईन."

आणि मग मामाचा हात शांत झाला. एकदम. वर्षभर एकही खोटा हिसका नाही. संध्याकाळी तो घेतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कामावर दगडासारखा बसायचा. काळ हेच औषध, असं साहेब म्हणाले. मीही मान डोलावली. फुकटची मान, डोलवायला काय जातं?

तर ती सकाळ. पूर ओसरून चौथा दिवस, पंप दमेकऱ्यासारखे धापा टाकत होते, शहरात पाणी नाही, इस्पितळाची टाकी संध्याकाळपर्यंत पुरेल असा निरोप आलेला. जावई पाण्यात उतरायचा पोशाख चढवत होता.

"मामा, आज जपून ओढा हं. तुमच्या लेकीने बजावलंय, नाक पुन्हा वाकडं करून आणलंत तर घरात घेणार नाही."

"ते आधीपासूनच वाकडं होतं, जावईबापू. आम्ही बघून पसंत केलं."

"मग हुंड्यात सरळ नाक मागायला हवं होतं."

"मागितलं असतंत तर मुलगी दिली नसती. उतरा आता."

जावई हसत शिडीवरून खाली गेला. पाण्याने आधी त्याचे खांदे गिळले, मग डोकं. दोरी सरसरत सुटली आणि थांबली. मामा आपल्या स्टुलावर ताठ बसला.

अर्धा तास सुरळीत गेला. मला चहाची तल्लफ आली. माझा फ्लास्क रिकामा. मामाचा स्टीलचा फ्लास्क त्याच्या स्टुलामागे. दोरवाल्याशी बोलायचं नाही असा नियम आहे, त्याचा चहा प्यायचा नाही असा नाही. मी हळूच टोपण भरलं. वाफ आली नाही. वास आला. तो वास ओळखायला जीभ लावावी लागत नाही.

फ्लास्क निम्मा रिकामा होता.

मी तो जागेवर ठेवला. मी मामाच्या हाताकडे पाहत राहिलो. केवढा स्थिर! बोटांत थरथर नाही, मनगटात नाही. वर्षभर आम्ही ज्याला शाबासकी दिली तो हात. पण जी दारू खोटे हिसके गाडून टाकते, ती खऱ्यांना का सोडेल?

मी दोरीवर नजर खिळवली. विहिरीच्या लोखंडी कडेवरून ती खाली जात होती. ओली, थेंब धरलेली. दर दोन मिनिटांनी वरून विचारायचं असतं. मामाने एक हिसका दिला. मी श्वास रोखून खालच्या उत्तराची वाट पाहिली. दोरी हलली नाही. मामाने मात्र मान हलवली, आलं म्हणून, जसा एखादा म्हातारा समोरचा काय बोलला ते न ऐकताच हो हो करतो.

मग दोरीवरचे थेंब झडले. एकदा. दोनदा. तीनदा. मामाचा हात तसाच.

"मामा, दोरी हलली."

तो पाण्याकडेच बघत राहिला.

"मामा, तीन आले."

"थापाड्या, नियम ठाऊक आहे ना?" मागे न बघता तो म्हणाला. "गप बस."

"थाप नाही मारत. डोळ्यांनी पाहिलं."

"लाट असेल. मला काही आलं नाही. हात माझा आहे की तुझा?"

सत्तर वेळा खोटं बोलून झाल्यावर एकाहत्तराव्यांदा खरं बोलायची वेळ येते, तेव्हा माणूस काय करतो? मी म्हटलं, "फ्लास्क उघडला मी."

त्याची मान ताठरली. पाठच बोलतेय असं वाटावं, इतक्या हलक्या आवाजात तो म्हणाला, "मग? दोन घोट. त्याने हात ठिकाणावर राहतो. नाहीतर पोराला पुन्हा उगाच खेचून काढीन. लेकीचा नवरा आहे तो. तिच्यासाठीच घेतो मी, समजलं?"

तेवढ्यात माझं लक्ष कॉम्प्रेसरच्या काट्याकडे गेलं. काटा चढत होता. हवेची नळी कुठे दबली, पिळली, की हवा पुढे जात नाही आणि काटा चढतो. तो काटा मी असा चढताना आयुष्यात एकदाच पाहिला होता. मामानेही तेव्हाच पाहिला होता.

"मामा, काट्याकडे बघ."

त्याने पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्त कुणी नळाने काढून घ्यावं तसं उतरलं. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटं उघडली, मिटली, पुन्हा दोरी घट्ट धरली.

"येत नाहीये," तो म्हणाला. "मला काहीच येत नाहीये."

"ओढ मग!"

"अडकला असेल तर? अडकलेल्याला ओढलं की नळी तुटते. मोकळा आहे की अडकलाय हे हाताला कळावं लागतं, आणि माझा हात..." थेंब पुन्हा झडले. तीनदा. मी पाहिले, त्याने माझं पाहणं पाहिलं. बदकाच्या वेळी आम्ही चौघं ओढत असतानासुद्धा ज्याने दोरी सोडली नव्हती, तो मामा स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "धर."

"मी? डोकं वर यायच्या आत?"

"नियम गेला खड्ड्यात. धर!"

मी दोरी घेतली आणि ती माझ्या तळहातात जिवंत झाली. तीन. दात लागावेत तसे, कडक, घाईचे. "आले! ओढू?"

"थांब! आधी एक दे, ऐकलं म्हणून कळव त्याला." मी एक दिला. "आता हातभर ताण. सावकाश. काय लागतंय, ओझं की दगड?"

"दगड."

"दगड म्हणजे अडकलाय. सैल सोड. कडेकडेने डावीकडे चाल. प्रत्येक पावलाला थोडं ताण आणि मला सांग."

मी चाललो. दगड. दगड. काटा आणखी वर. मामा माझ्या कानाशी, तोंडाला तो वास, आणि त्या वासातून सगळी विद्या अगदी शुद्धीत बोलत होती. "घाई नको. अजून एक पाऊल. मनगट ढिलं ठेव." दगड. मग पाचव्या पावलाला खाली काहीतरी निसटलं आणि दोरीला वजन आलं; डुलणारं, माणसाचं वजन.

"ओझं! मामा, ओझं!"

"ओढ!"

दोघांनी ओढलं. किती वेळ ते विचारू नका. मी सांगितलेली वेळ तुम्ही धरणार नाही. जावयाचं डोकं वर आलं, आम्ही मुखवटा खेचून काढला. तोंड निळसर. तो खोकला, ओकला, पुन्हा खोकला. पायाला आणि नळीला मासेमारीच्या जुन्या नायलॉन जाळ्याचा असा गुंडाळा, की सोडवताना सुरी मोडली.

पहिलं वाक्य तो मामाकडे बघून बोलला. "सहा वेळा, मामा. सहा वेळा तीन-तीन दिले."

मामा जमिनीवर बसला.

साहेब धावत आले. त्यांना खालच्या माणसाची नाही, वरच्या शहराची घाई होती. "काम अर्ध्यावर असताना का ओढला त्याला? पुन्हा खोटाच ना? मी सांगितलं होतं, तिसऱ्यांदा..."

"साहेब, त्याचं काय झालं," मी पुढे झालो. थाप तयार होती, आणि काय सुबक थाप! "कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. मामाने वेळेवर ओळखलं म्हणून बरं. तुकडा उडून माझ्या कानाला असा चाटून..."

"बस कर," मामा म्हणाला. "साहेब, पट्टा शाबूत आहे. जावयाने खरे हिसके दिले, मला कळले नाहीत. मी प्यायलोय. वर्षभर रोज पिऊनच दोरी धरतोय."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. "पण वर्षभर तर तुमचं काम उत्तम होतं. मी स्वतः शेरा लिहिलाय."

"उत्तम असणारच. हातच नव्हता ना जागेवर."

जावई अजून ओला होता. आवाज चढवायची ताकद त्याच्यात नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "मी खाली राहिलो असतो तर हिला काय सांगणार होतात, मामा?"

मामाने आपला तळहात उघडून पाहिला. "नाही घेतली, तर बदक ओढतो. दिवसभर ओढतो. घेतली, की कुणीच ओढत नाही. मधलं काही मला सापडलं नाही, जावईबापू."

साहेबांनी फ्लास्क उचलला आणि कपाटात नेऊन टेलिफोनशेजारी कुलपात ठेवला. एकदम बंद केल्यावर माणसाला फिट येते, हे त्यांच्या भावावरून त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खात्याची गाडी मागवली, दवाखान्यासाठी. गाडीला तीन तास लागणार होते. इस्पितळाची टाकी उतरत होती.

"जाळी थोडीच राहिलीय," जावई शेवटी म्हणाला. त्याने दीड तास विश्रांती घेतली होती आणि डॉक्टरांना फोनवरून विचारून झालं होतं. "मी उतरतो. दोरी मामांच्या हातात नको. याच्या हातात द्या. पण मामा शेजारी बसतील, याला ओ की ठो कळत नाही."

"हात छान आहे त्याचा," मामा म्हणाला. "तोंडच वाईट आहे."

जावई पुन्हा पाण्यात गेला. मी स्टुलावर, मामा शेजारी उकिडवा. सकाळची दारू उतरत आली होती. त्याच्या बोटांना कंप सुटला होता, मानेवर घाम. मी विचारलं, एक. खालून आलं, एक. पुन्हा विचारलं, पुन्हा आलं. इतकी वर्षं मी ह्याला हिसक्यांवरून हसत आलो, आणि दहा मिनिटांत माझी मान आखडली, खांदे दगड झाले. मग तळहातात काहीतरी झालं. एक? दोन? पाण्याचा धक्का? मला कळेना.

"मामा, आले का?"

त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि नसलेली दोरी ओढत होता. डाव्या हाताने त्याने तो दाबून धरला.

"मला विचारू नकोस. मला कायमच येतात. तुला आले का, ते सांग."

मी डोळे मिटले. माझ्या हातात काय आहे एवढंच पाहिलं. "दोन," मी म्हटलं.

"मग सैल सोड."

मी सोडली. दोरी सरकली, खाली गेली, काट्याने डोकं वर काढलं नाही. पाऊण तासाने जाळी मोकळी झाली. जावई वर आला तेव्हा मामाने त्याला हात दिला नाही. तो हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता.

पंप सुरू झाले. गाडी यायला अजून थोडा वेळ होता. पंपघरात जावई डबा उघडून बसला, आणि मामा मला म्हणाला, "लेकीचा नंबर लाव. माझी बोटं बटणांवर राहत नाहीत."

"मी बोलू का? जरा मऊ करून सांगतो."

"तू सांगितलंस तर तिला खरं वाटायचं नाही."

मी नंबर लावून फोन त्याच्या कानाशी धरला. पलीकडून "बाबा? या वेळी?" एवढं मलाही ऐकू आलं.

"तुझा नवरा ठीक आहे. समोर बसून जेवतोय. हे आधी," मामा म्हणाला. "आता दुसरं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही."

जावयाचा घास हातातच राहिला. मामाने सुरुवात ओंडक्यापासून केली. अकरा मिनिटांत किती हिसके आले, तो आकडा त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला. त्याने मोजले होते.